मोटरच्या पॅनेलपासून सॅटपर्यंत: बूलियन फंक्शन हाताळायचं कसं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एक अट घरातल्या पोरालाही पाठ असते: थ्री फेज आली की मोटर लावायची. हे वाक्य म्हणजेच बूलियन फंक्शन. आत जाणारी प्रत्येक गोष्ट होय किंवा नाही, बाहेर येणारं उत्तरही होय किंवा नाही. मधे 'जरासं' नाही.

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला हाच विषय गेट, मिनटर्म, मॅप अशा नावांनी समोर येतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं मॅपवर गोल काढायला पटकन शिकतात. बोलण्यातल्या वाक्यातून टेबल कसं करायचं, हे मात्र राहून जातं, आणि पॅनेलमधल्या निम्म्या चुका तिथल्याच असतात. म्हणून सुरुवात वाक्यापासून करू.

वाक्य आधी सरळ करा

उदाहरण घरचंच घेऊ. खाली संप, वर गच्चीवर टाकी, मधे तीन फेजची मोटर. (इकडे जमिनीखालच्या टाकीला संप म्हणतात. 'संप रिकामा आहे' म्हटलं की पुण्याचा पाहुणा कामगारांचं काय झालं म्हणून विचारतो.) मालक सांगतो: "फेज असेल, संपात पाणी असेल, वरची टाकी भरली नसेल किंवा मी स्विच मारला असेल, तर मोटर चालू दे."

चार इनपुट झाले. प्रत्येकाला अक्षर द्या, आणि १ म्हणजे नेमकं काय ते शेजारी लिहून ठेवा:

फ = तिन्ही फेज ठीक आहेत
स = संपात पाणी आहे
ट = वरची टाकी भरली आहे
ह = हाताचा स्विच मारला आहे
म = मोटर चालू (हे उत्तर)

अक्षराचं नाव 'टाकी' एवढंच ठेवलं तर दोन दिवसांनी १ म्हणजे भरलेली की रिकामी, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. नाव विधानाचं असावं, वस्तूचं नसावं.

आता खरी अडचण. मालकाच्या वाक्यातला 'किंवा' कुठपर्यंत पोचतो? ठिपका म्हणजे 'आणि', अधिक म्हणजे 'किंवा' आणि अक्षरावरची खूण म्हणजे 'नाही', असं धरलं तर दोन अर्थ निघतात:

पहिला: म = फ·स·(ट′ + ह)
दुसरा: म = फ·स·ट′ + ह

पहिल्यात हाताचा स्विच फक्त 'टाकी भरली' ही अट ओलांडतो, म्हणजे बागेला पाणी सोडताना वापरायचा. दुसऱ्यात स्विच मारला की संप कोरडा असो, एक फेज गेलेली असो, मोटर सुरूच. एका कंसाचा फरक आहे, पण १६ ओळींपैकी पहिलं फंक्शन ३ ओळींत १ देतं आणि दुसरं ९ ओळींत. त्या जास्तीच्या ६ ओळींतच मोटर जळते. मालकाला सूत्र दाखवून उपयोग नाही. "संप रिकामा असताना स्विच मारला तर?" असं एकेक ओळ घेऊन विचारा.

मराठीतले आणखी दोन सापळे. 'पाणी असेल तर मोटर चालू' आणि 'पाणी असेल तरच मोटर चालू' यांत एका 'च'चा फरक दिसतो, पण बाण उलटा फिरतो. पहिल्यात पाणी असणं पुरेसं आहे. दुसऱ्यात ते आवश्यक आहे, पुरेसं असेलच असं नाही. 'तरच' ऐकलं की उलटं वाचायचं: मोटर चालू असेल तर पाणी असलंच पाहिजे.

दुसरा सापळा 'तिन्ही फेज नाहीत' हा. एकही फेज नाही, की तिन्हीपैकी एखादी तरी गेली आहे? फेजना र, य, ब म्हणा. फ = र·य·ब. याचं 'नाही' काढताना आतल्या प्रत्येक अक्षराला खूण लागते आणि 'आणि'चा 'किंवा' होतो: फ′ = र′ + य′ + ब′. हाच डी मॉर्गनचा नियम. घाईत र′·य′·ब′ लिहिलं तर आठ ओळींपैकी एकाच ओळीत ट्रिप मिळतं, सगळंच गेल्यावर, आणि तेव्हा मोटर आपोआपच थांबलेली असते. ट्रिप हवं असतं ते ७ ओळींत, कारण मोटर जळते ती एकच फेज गेली आणि उरलेल्या दोनांवर ती घुमत राहिली म्हणजे. (फिरणारी मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच बराच व्होल्टेज उभा करते. म्हणून प्रत्येक फेजवर साधा रिले लावून भागत नाही. त्यासाठी प्रिव्हेंटर नावाचं उपकरण असतं, ते तीन फेजमधला असमतोल मोजतं.)

टेबल मांडा

चार इनपुटांना २ चा चौथा घात, म्हणजे १६ ओळी. मोजणी दोनच्या पद्धतीने ०००० पासून ११११ पर्यंत. एकही ओळ 'हे उघडच आहे' म्हणून गाळू नका. आपल्या फंक्शनमध्ये फ किंवा स शून्य असलेल्या १२ ओळींत उत्तर शून्यच. उरतात चार:

फ स ट ह → म
१ १ ० ० → १
१ १ ० १ → १
१ १ १ ० → ०
१ १ १ १ → १

१ देणारी प्रत्येक ओळ एक पद: फ·स·ट′·ह′ + फ·स·ट′·ह + फ·स·ट·ह. एकूण १२ अक्षरं. हे बरोबर आहे, पण तारा उगाच जास्त लागतील.

मॅपवर कमी करा

मॉरिस कार्नो यांनी १९५३ मध्ये मांडलेला मॅप चार इनपुटांपर्यंत हाताने उत्तम चालतो. आडव्या ओळी फ-स च्या, उभे रकाने ट-ह चे, दोन्हींचा क्रम ००, ०१, ११, १०. शेजारच्या दोन घरांत एकच अक्षर बदललं पाहिजे, म्हणून हा क्रम.

सवयीने ००, ०१, १०, ११ लिहिलं तर काय होतं ते याच उदाहरणात दिसतं. फ-स = ११ च्या ओळीत खरे आकडे १, १, १, ० असे लागून यायला हवेत. चुकीच्या क्रमात ते १, १, ०, १ असे येतात. कडेची घरं एकमेकांना चिकटलेली धरायची असतात, म्हणून तुम्ही ०० आणि ११ यांचा गोल काढता. त्यांच्यात दोन अक्षरं बदललेली असतात, त्यामुळे तो गोल कोणतंच पद देत नाही. परीक्षेत मार्क जातात ते बहुतेक इथे.

बरोबर मॅपवर दोन गोल पडतात: ००-०१ चा, ज्यात ह गळतं आणि फ·स·ट′ उरतं, आणि ०१-११ चा, ज्यात ट गळतं आणि फ·स·ह उरतं. मधलं घर दोन्ही गोलांत आहे, ते चालतं. तीन घरांचा एक गोल मात्र कधीच नाही: १, २, ४, ८ असेच. बाराची सहा अक्षरं झाली. फ·स सामाईक काढलं की चारच उरतात.

पाच-सहा इनपुटांपुढे डोळे फसतात. तिथे क्वाइन-मॅक्लस्की पद्धत, तीही संगणकावर.

'काहीही चालेल' अशा ओळींबद्दल सावध राहा. समजा वरच्या टाकीत दोन फ्लोट (पाण्यावर तरंगणारे स्विच) लावले, एक काठाशी, एक तळाशी. काठाचा भिजलेला आणि तळाचा कोरडा, ही ओळ कागदावर अशक्य. पुस्तक म्हणतं, तिथे सोयीचा आकडा धरा. पण तळाचा फ्लोट पाइपला अडकला की हीच ओळ गच्चीवर प्रत्यक्षात येते. जिथे मोटर किंवा माणूस धोक्यात आहे तिथे अशा ओळीत शून्यच भरा, दोन अक्षरं जास्त लागली तरी.

एका चिपमध्ये बसवणं

नँड, म्हणजे 'आणि' करून त्याचं 'नाही' देणारा गेट, एकटाच सगळ्या फंक्शनना पुरतो. आपल्या म साठी सरळ हिशेबाने ६ नँड लागतात, म्हणजे चार-चार गेटच्या दोन चिपा. पण दोन युक्त्या आहेत. हाताचा स्विच इनपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावला आणि इनपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टकडे दिला, तर स्विच मारल्यावर ० मिळतो, म्हणजे ह′ फुकट हाती आलं. दुसरं, बाजारातली बरीच रिले मॉड्यूल ० मिळाल्यावर ओढतात, म्हणजे आपल्याला म ऐवजी म′ हवं. आता चारच नँड लागतात आणि ७४एचसी०० ची एक चिप पुरते:

पिन १ ला ट, पिन २ ला ह′. पिन ३ वर ट′ + ह मिळतं.
पिन ४ ला फ, पिन ५ ला स. पिन ६ वर (फ·स)′.
पिन ६ वरून ९ आणि १० दोन्हींना. पिन ८ वर फ·स.
पिन ३ वरून १२ ला, पिन ८ वरून १३ ला. पिन ११ वर म′.
पिन १४ ला ५ व्होल्ट, पिन ७ ला ग्राउंड, दोन्हींमध्ये चिपच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

नँड संपला म्हणून कपाटातला नॉर, म्हणजे ७४०२, त्याच जागी लावू नका. त्यात पिन १ हा आउटपुट आहे आणि २, ३ हे इनपुट. लॅबमध्ये 'चिप खराब आहे' म्हणून परत येणाऱ्या कित्येक चिपा अशा असतात.

तार तुटली तर काय होईल, हेही फंक्शनचाच भाग समजा. फ आणि स च्या इनपुटला १० किलोओहम ग्राउंडकडे द्या: तार तुटली की ० वाचलं जाईल, मोटर थांबेल. ट च्या इनपुटला तोच रेझिस्टर ५ व्होल्टकडे द्या, आणि टाकी भरलेली नसताना संपर्क ग्राउंडला जोडला जाईल असा फ्लोट लावा: तार उंदराने कुरतडली तर 'टाकी भरली' असं वाचलं जाईल. इनपुट लोंबकळता ठेवायचा नाही. जुन्या टीटीएल चिपा लोंबकळता इनपुट १ धरतात. एचसी चिपांचा काही भरवसा नसतो, शेजारून हात गेला तरी उत्तर बदलतं.

कुठली तार जास्त महत्त्वाची, हे टेबलावरून मोजता येतं. एखाद्या ओळीत एकेक इनपुट उलटा करून पाहा, किती वेळा उत्तर बदलतं. ११०० या ओळीत फ, स आणि ट यांपैकी कोणताही उलटला की मोटर बंद होते, ह उलटून काही होत नाही, म्हणून तिथली संवेदनशीलता ३. सगळ्या ओळींतली सर्वांत मोठी संख्या ती फंक्शनची संवेदनशीलता. आपलीही ३ च. एवढ्या साध्या मोजमापाबद्दलचा निसान आणि सेगेडी यांचा १९९२ पासूनचा प्रश्न हाओ हुआंग यांनी २०१९ मध्ये मोजक्या पानांत सोडवला. ही संख्या गुंतागुंतीच्या इतर मापांच्या मानाने फार मागे राहू शकत नाही, असं त्यांनी दाखवलं.

जिथे फंक्शन पुरत नाही

वरच्या एका फ्लोटवर मोटर चालवली तर पाणी हलेल तसा स्टार्टर खडखडतो. म्हणून दोन फ्लोट: तळाचा उघडा पडला की सुरू, काठाचा भिजला की बंद. मधल्या पातळीला मात्र उत्तर काय? भरत असेल तर चालू, उतरत असेल तर बंद. इनपुट तेच आणि उत्तरं दोन, म्हणजे हे आत्ताच्या इनपुटांचं फंक्शनच नाही. तळाचा फ्लोट भिजला आहे, याला न म्हणा आणि मोटरची आधीची स्थितीच इनपुट म्हणून घ्या:

म(नवा) = फ·स·ट′·(न′ + म(जुना))

इलेक्ट्रिशियन याला होल्डिंग म्हणतो: कॉन्टॅक्टरचाच एक संपर्क स्टार्ट बटणाला समांतर. रिलेच्या अशा जोडण्या आणि बूलचं बीजगणित एकच आहे, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात दाखवलं. त्याआधी रिलेचे सर्किट अनुभवावर बांधले जात.

एक अक्षर सरळ आणि उलटं अशा दोन्ही रूपांत आलं की आणखी एक भानगड होते. ज·ल + ज′·ग घ्या: ज निवड करणारा सिग्नल, ल लाइनचा सिग्नल, ग जनरेटरचा. ल आणि ग दोन्ही १ असताना ज बदलला तर उत्तर १ च राहायला हवं, पण ज′ तयार व्हायला नॉट गेटला काही नॅनोसेकंद लागतात आणि तेवढ्यात उत्तर क्षणभर ० होऊ शकतं. उपाय म्हणजे ल·ग हे जादा पद घालायचं. मात्र हा उपाय फक्त सिग्नलवर. प्रत्यक्ष पॉवरच्या चेंजओव्हरमध्ये हेच 'जादा पद' लावणं म्हणजे लाइन आणि जनरेटर एकमेकांना जोडणं. तिथे मधली पोकळीच हवी.

सगळीच फंक्शन कमी होत नाहीत

जिन्याचा दिवा घ्या. खालून, वरून, मधूनही चालू-बंद: दोन टोकांना टू-वे स्विच, मधे इंटरमीजिएट. कुठलाही एक स्विच हलवला की उत्तर उलटतं. हे पॅरिटी फंक्शन. मॅपवर बुद्धिबळाचा पट दिसतो, एकही गोल जुळत नाही. १० स्विच असतील तर 'आणि'च्या पदांची बेरीज करून लिहायला ५१२ पदं लागतात, प्रत्येकात १० अक्षरं. तेच एक्सॉर गेटची (दोन इनपुट वेगळे असले तरच १ देणारा) साखळी केली तर ९ गेटमध्ये काम संपतं. म्हणजे फंक्शन अवघड नव्हतं, दोन थरांत लिहायचा हट्ट अवघड होता. थर ठरावीक ठेवून अँड, ऑर, नॉट वापरले तर गेटची संख्या इनपुटांच्या संख्येच्या कोणत्याही ठरावीक घाताच्या मर्यादेत (बहुपदीत) राहतच नाही, हे १९८० च्या दशकात फर्स्ट, सॅक्स आणि सिप्सर यांनी, आणि स्वतंत्रपणे ऑयताय यांनी सिद्ध केलं.

उलट उदाहरण बहुमताचं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत भट्टीच्या थंड पाण्यावर तीन सेन्सर आणि 'तिनापैकी दोन' म्हणतील ते खरं: क·ख + ख·ग + ग·क. एकही 'नाही' नाही. इनपुट ० चा १ झाला तर उत्तर १ चं ० कधी होत नाही. अशा फंक्शनला मोनोटोन म्हणतात आणि तपासायला ती फार सोयीची असतात.

मग बहुतेक फंक्शन कशी असतात? दोन इनपुटांची १६, तिनांची २५६, चारांची ६५,५३६, पाचांची ४,२९,४९,६७,२९६. शॅनन यांनी १९४९ मध्ये नुसती मोजदाद केली: लहान सर्किटं थोडीच आहेत, फंक्शन अफाट आहेत, म्हणून बहुतेक फंक्शनना घातांकी आकाराचं सर्किट लागणारच. गंमत अशी की बोट दाखवून 'हे घ्या ते अवघड फंक्शन' असं अजून जमलेलं नाही. दोन इनपुटांचे सगळे गेट वापरायला दिले, तर नेमक्या सांगता येणाऱ्या फंक्शनसाठी सिद्ध झालेली खालची मर्यादा इनपुटांच्या संख्येच्या ३.१ पटीच्या आसपास आहे.

टेबल संपतं तिथे सॅट सुरू होतं

चार इनपुटांचं पॅनेल डिप स्विच आणि एलईडी लावून सोळाही ओळींवर तपासता येतं, आणि स्टार्टरला जोडण्याआधी ते तपासायचंच. सेकंदाला १० लाख ओळी तपासणारा प्रोग्रॅम ३० इनपुटांना सुमारे १८ मिनिटं घेतो, ४० ला जवळपास १३ दिवस, ५० ला ३५ वर्षांहून जास्त.

मग प्रश्न बदलायचा. सगळं टेबल नको, फक्त एवढं सांगा: उत्तर १ येईल अशी एक तरी ओळ आहे का? हाच सॅट (सॅटिस्फायबिलिटी). स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवलं की एनपी वर्गातला, म्हणजे उत्तर हाती दिलं तर ते पटकन तपासता येतं असा, प्रत्येक प्रश्न यात बसवता येतो. लेव्हिन यांनी स्वतंत्रपणे तेच केलं. पदांची बेरीज दिली असेल तर प्रश्न सोपा आहे: एखाद्या पदात क आणि क′ एकत्र नसले की झालं. कंसांचा गुणाकार दिला की अवघड. आणि गुणाकार सोडवून बेरीज करू म्हटलं तर दोन-दोन अक्षरांच्या २० कंसांतून १०,४८,५७६ पदं निघतात. प्रत्येक कंसात दोनच अक्षरं असतील, 'काका आले तर आत्या येणार नाही' अशा लग्नाच्या यादीसारखी, तर प्रश्न झटकन सुटतो. कंसात तीन झाली की अवघडपणा पूर्ण परत येतो.

करायचं ते असं. प्रत्येक गेटच्या आउटपुटला नवं अक्षर द्या. प = क·ख या गेटचे तीनच कंस होतात: (प′ + क)·(प′ + ख)·(प + क′ + ख′). सेइतिन यांची ही पद्धत. कंसांची संख्या गेटच्या प्रमाणातच वाढते. अक्षरांना १, २, ३ असे क्रमांक द्या, 'नाही'ला वजा, प्रत्येक कंस एका ओळीत, ओळीच्या शेवटी ०. बहुतेक सॅट सॉल्व्हर, म्हणजे हा प्रश्न सोडवणारे प्रोग्रॅम, अशी फाइल घेतात.

दोन सर्किटं सारखी आहेत का, हे पाहायचं असेल तर त्यांचे आउटपुट एक्सॉरला द्या आणि एक्सॉर १ होतो का ते विचारा. सुरक्षिततेची अट तपासायची असेल तर तिचं उल्लंघन विचारा: म = १ आणि स = ०, असं होऊ शकतं का? पहिल्या कंसवाल्या फंक्शनला सॉल्व्हर 'नाही' म्हणेल. दुसऱ्याला तो नुसतं 'होय' म्हणून थांबत नाही, ओळही देतो, उदाहरणार्थ फ = १, स = ०, ट = ०, ह = १. तीच ओळ डिप स्विचवर लावा, एलईडी पेटलेला मालकाला दाखवा आणि कंस कुठे हवा ते विचारा.